सातव्या रकान्यातली माया

मास्तरीणबाईंनी आयुष्यात एकाही मुलाला पाढे शिकवले नव्हते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडाला कात्री लागण्याआधी त्याचा आराखडा जो माणूस करतो त्याला मास्तर म्हणतात. तो माणूस बाई निघाली तर काय म्हणायचं, याचा विचार कुणी करून ठेवलेला नव्हता. तेव्हा आहे त्याच शब्दाला शेपूट जोडून भागवण्यात आलं. पुढच्या सव्वीस वर्षांत त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं. नवराही घरात त्यांना मास्तरीणबाईच म्हणे, सुरुवातीला चिडवायला आणि नंतर सवयीने.

कारखान्यात त्यांना आणलं नणंदेने. नणंद वयाने त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, पण कारखान्यात तीन वर्षांनी मोठी होती, आणि हे गणित ती कुणाला विसरू देत नसे. ती शिलाईच्या हॉलमध्ये कॉलर बसवायची. कॉलर बसवणं हे काम सोपं दिसतं आणि म्हणूनच ते बहुतेकांना येत नाही. लग्न होऊन सहा महिने झाले तेव्हा ती बाईंना म्हणाली, घरात बसून दादाचं तोंड किती बघशील, चल. बाई गेल्या आणि शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापायला लागल्या.

त्या वेळी तिथे जे मास्तर होते त्यांनी आपली विद्या कुणालाही द्यायची नाही असा निश्चय केला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. बाई शिकल्या त्या त्यांच्या कचऱ्याच्या टोपलीतून. एखादा फर्मा, म्हणजे सदऱ्याच्या पाठीचा किंवा बाहीचा पुठ्ठ्याचा आकार, मनासारखा उतरला नाही की मास्तर तो फाडून टाकत. बाई ते तुकडे घरी नेऊन जमिनीवर जुळवत आणि यात चुकलं काय ते शोधत बसत. त्यामुळे त्यांचं सगळं शिक्षण चुकांवर झालं. बरोबर फर्मा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो स्वतःच्या हातचा. नवरा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, नाजूक वस्तूंच्या कडेकडेने चालायची त्याला सवय होती, म्हणून संसार निभला.

मास्तर आजारी पडले तेव्हा बस कंडक्टरांच्या सदऱ्यांचा फर्मा बाईंनी केला. मास्तर परत आले, त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मुंढा जरा खोल घे." मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. एवढंच ते म्हणाले. बाईंच्या लेखी तोच पदवीदान समारंभ होता.

त्यानंतर त्या माणसांकडे बघेनाशा झाल्या, असं नणंद सगळ्यांना सांगे. "आमची वहिनी चेहरा बघत नाही. खांदा बघते. माझ्या नवऱ्याला दहा वर्षं ओळखते, पण नुसतं डोकं दाखवलं तर म्हणेल कोण हे." यात तथ्य होतं. कपडा दुकानातच तेवढा स्थिर उभा असतो, एरवी तो वाकतो, हात वर करतो, घाम पितो आणि वर्षावर्षाला जाड होतो, हे बाईंना कळलं होतं. गणवेश बदलत नाही, आतला माणूस बदलतो. त्याची सोय कपड्यातच करावी लागते. ती सोय म्हणजे माया.

शिवणीच्या आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. ती असते म्हणून टाका धरतो, आणि माणूस सुटला की शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. बाईंचे फर्मे निव्वळ अंगाच्या मापाचे असत. माया त्या कापडावर खडूने वेगळी आखत, कारण जाड कापडाची वेगळी, पातळ कापडाची वेगळी. कॉलरला जास्त ठेवली तर ती लाडावते, टोक धरत नाही. बगलेखाली कमी ठेवली तर वर्षभरात शिवण बोलायला लागते. हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. शिवाय एका लांबोड्या वहीतही होतं, कारण बोटांवर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता.

आणि तरीही पहिला नमुना शिवून तो दारावरच्या रखवालदाराला घालून पाहिल्याशिवाय त्या पुढे जात नसत. रखवालदार अंगाने मध्यम आणि स्वभावाने सहनशील होता. त्याला वाक म्हणायचं, हात वर कर म्हणायचं, उकिडवा बस म्हणायचं. तो बसला आणि काही फाटलं नाही, की कापायला घ्यायचं.

मंदी येणार हे बाईंचा नवरा दोन वर्षं वर्तमानपत्र वाचून सांगत होता. त्यामुळे ती खरोखर आली तेव्हा घरात त्याच्याइतका समाधानी माणूस नव्हता. आधी हॉटेलांची कामं थांबली, मग शाळांनी जुनेच गणवेश चालवायचं ठरवलं. हॉलमधल्या यंत्रांची एक रांग कापडाने झाकून ठेवली गेली. मग साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की घाबरायचं कारण नाही. फर्मे करण्याचं काम यापुढे बाहेर दिलं जाईल, एका कंपनीला, जी ते संगणकावर आणि फार स्वस्तात करते. त्याने जो पैसा वाचेल त्यावर शिलाई इथेच चालू ठेवता येईल. म्हणजे चाळीस बाया वाचवायला एक बाई जाणार होती. साहेबांनी हे इतक्या सुरेख तऱ्हेने मांडलं की हॉलमधल्या काहीजणींनी वळून बाईंकडे कृतज्ञतेने पाहिलं, जणू ही कल्पना त्यांचीच.

ती कंपनी कुठे होती कुणाला नीट ठाऊक नव्हतं. सगळे तिला 'पलीकडचे' म्हणत.

बाईंना दोन महिने मिळाले, जाण्यासाठी नव्हे, देण्यासाठी. डोक्यातलं सगळं कागदावर उतरवून पलीकडच्यांना द्यायचं. कार्यालयातला एक सज्जन, चष्मा लावणारा माणूस त्यांच्याशेजारी टेबल टाकून बसला. तो कोणतंही माप पूर्णांकात सांगत नसे, म्हणून हॉलने त्याचं नाव दशांश ठेवलं होतं. भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले चारशे बारा फर्मे तो एकेक काढून यंत्राखाली सरकवी. त्यांचे आकार पलीकडे जात. वहीतली माहिती तो बारा रकान्यांच्या तक्त्यात भरी, आणि तक्ता एका भाषांतराच्या यंत्रातून पलीकडच्यांच्या भाषेत जाई. सातव्या रकान्याचं नाव होतं माया. दशांशाने विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत या शब्दाचा अर्थ सांगायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

नणंद जेवणाच्या सुट्टीत येऊन बसे आणि दशांशाला छळे. ती बाईंना म्हणे, "वहिनी, सगळं नको देऊस गं त्यांना. थोडं राखून ठेव." बाई म्हणत, राखून काय ठेवू, तुझं पोट त्याच्यावर आहे. हे खरं होतं. नणंदेच्या नवऱ्याचा गुडघा कामातून गेल्यापासून ते घर तिच्या कॉलरींवर चाललं होतं. बाई रोज संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून तक्ते तपासत, आणि आपण हे कुणासाठी करतो आहोत याबद्दल त्यांच्या मनात तेव्हा तरी शंका नव्हती.

शेवटचा आठवडा सुरू झाला त्या सोमवारी त्या कामावर आल्या तर त्यांची भिंत रंगवलेली होती. खिळे उपटलेले, भोकं बुजवलेली, आणि फर्म्यांच्या बाजूला त्यांनी पेन्सिलने वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं सगळं फिकट हिरव्या रंगाखाली गेलेलं. फर्मे कुठे म्हणून विचारलं तेव्हा कळलं, शनिवारीच रद्दीवाला घेऊन गेला. आकार आता यंत्रात आहेत, पुठ्ठा ठेवून काय करायचं? साहेब वाटेत भेटले आणि म्हणाले, "बरं वाटतंय ना आता? किती मोकळं." बाई म्हणाल्या, हो, मोकळं वाटतंय. मग त्या त्या मोकळ्या भिंतीकडे पाठ करून बसल्या. रंग ओला होता. तो ब्लाउजला लागला.

त्याच दुपारी पलीकडच्यांची प्रश्नावली आली. एकसष्ट प्रश्न, प्रत्येकापुढे 'बरोबर' आणि 'चूक' असे दोन चौकोन, खाली सही. दशांशाने ती त्यांच्यापुढे ठेवली आणि चव्वेचाळीसाव्या प्रश्नावर बोट ठेवून हसायला लागला. यंत्राने परत मराठीत आणलेला तो प्रश्न असा होता: 'सातव्या रकान्यात प्रत्येक भागापुढे ममता असे लिहून एक आकडा दिला आहे. ही आपल्याकडील सदिच्छा असावी असे समजून आम्ही आभारपूर्वक तो रकाना वगळत आहोत.'

"तुम्ही खरंच ममता लिहिली होती?" दशांशाने विचारलं.

"मी माया लिहिलं होतं."

"तेच ते," तो म्हणाला. "गोड आहे हो पण. कॉलरला पाव ममता."

बाई पण हसल्या. नंतर त्यांना जे सगळ्यात जास्त छळत राहिलं ते हे हसणं. एका वाक्याचं काम होतं. अहो, ती शिवणीची जागा आहे, ती वगळली तर कपडा एक माप आत जाईल. वाक्य जिभेवर आलं होतं. पण पाठीला रंग चिकटत होता, समोर दोन चौकोन होते, आणि त्यांना एकदम वाटलं की जाऊ दे. पहिला नमुना शिवतील, रखवालदाराच्या अंगात जाणार नाही, मग धावत येतील. साहेब आपल्या घराचे तीन जिने चढून येतील, त्यांना धाप लागलेली असेल, आपण पाणी देऊ आणि मग सांगू. त्यांनी 'बरोबर'च्या चौकोनात खूण केली आणि सही केली. सही नेहमीपेक्षा चांगली आली.

शुक्रवारी निरोप झाला. साहेबांनी त्यांना कारखान्याचा कणा म्हटलं आणि भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं.

घरी बसल्यावर बाईंनी वाट पाहिली. पहिला आठवडा त्यांनी पुढची खोली रोज झाडून नीट लावली. साहेब कुठे बसतील तेही ठरलं होतं. नवऱ्याला वाटलं, नोकरी गेल्याचं दुःख त्या अशा रीतीने मोडून काढताहेत, आणि तो पाय पुसून घरात यायला लागला. दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला तो चुकीच्या नंबरचा होता. एक गोष्ट बाईंना ठाऊक नव्हती. पहिला नमुना शिवून पाहण्याची पद्धत बंद झाली होती. पलीकडच्यांच्या म्हणण्याप्रमाणे संगणकात आधीच एक माणूस असतो, तो वाकूनही दाखवतो. दारावरचा रखवालदारही आता कंत्राटाने आलेला होता, आणि त्याच्या कंत्राटात वाकणं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी नणंद आली. नेहमीसारखी आली, चपला दारातून फेकत, दादाच्या हातातलं वर्तमानपत्र ओढत. रुग्णालयातल्या मदतनीसांचे अडीच हजार सदरे शिवायला घेतले होते, मंदीत मिळालेलं पहिलं मोठं काम. चहा पिता पिता ती म्हणाली की कापड अंग चोरतंय. टाका घालायला कडेला जागाच नाही, अंगातलंच कापड खावं लागतंय. देखरेखीच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणतो, आकृती संगणकाची आहे, तुमच्या हाताचा दोष असेल.

"निम्मे झालेत शिवून," ती म्हणाली. "निम्मं कापड अजून कापायचंय." मग कपातल्या चहाकडे बघत तिने विचारलं, "वहिनी, तुझ्या कागदात माया होती ना?"

"होती," बाई म्हणाल्या.

हे खरं होतं. बाईंनी पुढे कितीही वेळा तपासलं तरी त्या उत्तरात खोटं असं काही सापडत नसे. नणंद थोडा वेळ तशीच थांबली, जणू वाक्य अजून संपलेलं नाही. बाईंना सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे सहीचं सांगायचं, आणि ते त्यांनी साहेबांसाठी राखून ठेवलं होतं. ज्याने विचारायला हवं त्याने विचारलंच नव्हतं, आणि जिने विचारलं तिला सांगून साहेब काही जिने चढणार नव्हते. अशी ती त्या वेळची त्यांची अक्कल. त्यांनी नणंदेला आणखी चहा विचारला. ती नको म्हणाली. तिने कधी दुसऱ्या कपाला नको म्हटलेलं नव्हतं. बाईंना वाटलं, पित्त झालं असेल.

मंगळवारी उरलेलं कापड कापलं गेलं.

सदरे रुग्णालयात गेले आणि आठवडाभरात परत आले. मदतनीसांनी माणसं उचलायला हात पुढे केले की बगला उसवत होत्या. ज्यांच्या उसवल्या नाहीत त्यांना हात पुढे करताच येत नव्हते. साहेबांनी पलीकडच्यांना जाब विचारला. पलीकडच्यांनी नम्रपणे कळवलं की आकृती संमतीनुसारच आहे, संमतीचा कागद जोडला आहे, तेव्हा दोष शिलाईत असावा. योगायोगाने शिलाईही करून देणारी एक कंपनी त्यांच्या ओळखीची आहे. महिनाअखेर हॉलमधल्या सगळ्याच रांगांवर कापड घातलं गेलं. चाळीसजणींना वेगवेगळी पत्रं मिळाली, मजकूर एकच. नवऱ्याने ही बातमी आणली आणि त्या दिवशी वर्तमानपत्राची घडी मोडली नाही. मंदीबद्दल तो त्यानंतर काही बोलला नाही.

बाई नणंदेकडे गेल्या त्या चार दिवसांनी. चार दिवस त्यांनी वाक्यं जुळवली. ती जागेवर बसेनात.

नणंद खिडकीपाशी यंत्र मांडून शेजारणीच्या पडद्यांना खालून दुमड घालत होती. सरळ टाका, कुणालाही येईल असा. आतल्या खोलीत नवरा पाय लांब करून झोपला होता. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. ओल्या भिंतीपासून, दशांशाच्या हसण्यापासून, त्या चौकोनापर्यंत. सारवासारव करायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तरी भिंतीचा उल्लेख तीनदा झाला. नणंदेने यंत्र थांबवलं नाही, फक्त चाल मंद केली.

"ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तो कागद. रविवारी आले त्याच्या आधी, शनिवारी बघितला होता. कापड कमी पडायला लागलं तेव्हाच दशांशाला म्हटलं, सहज दाखव रे आमच्या वहिनीचे तक्ते. त्यातच होता. सही पण बघितली."

 बाई म्हणाल्या, "मग तूच का नाही सांगितलंस साहेबांना? निम्मं तरी वाचलं असतं."

नणंदेने पडद्याची कड ओढून सरळ केली. "कसं सांगणार? तुमचं नाव घ्यावं लागलं असतं."

बाईंना वाटलं, यंत्राच्या आवाजात ऐकण्यात काही चूक झाली.

"मला वाटलं, तुम्ही सांगाल," नणंद म्हणाली. "विचारलं होतं मी. म्हटलं, आता सांगतील, मग सोमवारी जाऊन त्याच्या तोंडावर टाकते, म्हणते वहिनींनीच लक्षात आणून दिलं. नाव राहिलं असतं तुमचं, उलट मोठं झालं असतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाई राग गृहीत धरून आल्या होत्या. म्हणजे तिचा राग सोसायची सगळी तयारी करून आल्या होत्या, आणि ती तयारी आता तशीच मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अगं, मला अहो-जाहो काय करतेस?"

नणंदेने यंत्र थांबवलं. तिने खरोखर आठवून पाहिल्यासारखं केलं. "केलं का?" ती म्हणाली. "बसा ना नीट. चहा टाकते."

चहा आला तो बशीसकट आला. बाई तो प्यायल्या. त्यांनी म्हणून पाहिलं की आपण दोघी मिळून काही काम घेऊ, मी कापते, तू शीव. नणंद म्हणाली, बघू या, कल्पना चांगली आहे. साहेबही कुणी काही सुचवलं की असंच म्हणत. मग दादाच्या तब्येतीची चौकशी झाली. आतून नवऱ्याने खोकून आपण जागे असल्याचं कळवलं, पण तो बाहेर आला नाही.

निघताना नणंद दारापर्यंत आली. आजवर ती कधी आली नव्हती. बाई स्वतःच दार ओढून घेत आणि ती आतूनच काहीतरी ओरडत असे. तिने कडी काढली, बाईंची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "सावकाश जा हं. खालच्या वळणावर अंधार असतो."

दुपारचे तीन वाजले होते. जिन्याच्या खिडकीतून लख्ख ऊन पायऱ्यांवर पडलं होतं, शेवटच्या पायरीपर्यंत. बाई म्हणाल्या, हो, सावकाशच जाते.